सासऱ्यांची बिनबॉनेटची मोटार

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कुठलीही वस्तू ती बाजारातून जशी आली तशी राहू दिली नाही. दिंडोशीच्या त्यांच्या दोन खोल्यांत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मला वाटलं, आपण अचानक उंच झालो. खरं म्हणजे खुर्च्या बुटक्या झाल्या होत्या. 'बसका आकार डोळ्यांना बरा दिसतो' म्हणून त्यांनी चारही खुर्च्यांचे पाय कापले होते, आणि टेबलाचे कापायला सासूबाई देत नव्हत्या, त्यामुळे जेवताना पाहुण्याची हनुवटी ताटाच्या काठाला टेकायची आणि कढी ओरपायला वाकावंच लागत नसे. रेडिओचं लाकडी खोकं त्यांनी काढून टाकलं होतं, का तर जे काम करतं ते दिसलं पाहिजे. तेव्हा बातम्या ऐकताना आम्ही सगळे आतल्या तारांकडे बघत बसायचो. टॅक्सीत ते फक्त लग्नाकार्याला बसत, आणि बसल्या बसल्या ड्रायव्हरला सल्ला देत की टप तीन बोटं कापून घ्या, गाडी काय दिसेल. एकदा एका ड्रायव्हरने भर हायवेवर गाडी थांबवून सगळ्यांना आहेरासकट खाली उतरवलं. बाकीचे दुसरी टॅक्सी शोधत होते, सासरे मात्र रस्त्याच्या कडेला उभे राहून, एक डोळा मिटून, लांब जाणाऱ्या त्या गाडीकडे पाहत म्हणाले, "तीन नको. चार."

पोटापाण्यासाठी ते कवळ्या बनवत. अंधेरीतल्या एका डेंटल लॅबमध्ये त्यांची नोकरी होती आणि निम्म्या उपनगराची बत्तिशी आपल्या हातून गेली आहे असं त्यांचं म्हणणं होतं. लग्नाच्या वरातीत, बाजारात, देवळाच्या रांगेत कुणी हसलं की ते सासूबाईंच्या कानात पुटपुटत, "माझी आहे." त्यांची मुलगी शुभा माझ्याच ऑफिसात टायपिस्ट होती. आमचं जमल्यावर ती मला पहिल्यांदा घरी घेऊन गेली, तेव्हा मी पगार, गाव, कूळ, पत्रिका अशी सगळी उत्तरं बसमध्ये घोकत गेलो होतो. सासऱ्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला खिडकीपाशी उजेडात नेलं आणि म्हणाले, "आ करा." मी आ केला. ते बराच वेळ आत बघत राहिले. मग मुलीकडे वळून म्हणाले, "वरचा डावा सुळा बाहेर आहे. बाकी चालेल." तेव्हापासून मी त्यांच्यासमोर हसताना उजव्या बाजूने हसू लागलो. अजूनही फोटोत तसाच येतो, आणि लोक समजतात की मी कुणाची तरी थट्टा करतोय.

पण त्यांचं खरं प्रेम होतं ते गॅलरीतल्या मोटारीवर. मोटार म्हणजे वीतभर लांबीची, प्लास्टिकची. जुहूच्या बंगल्यांतल्या मुलांना परदेशातून सुटे भाग जोडून बनवायच्या गाड्यांची खोकी येत. मुलं दोन दिवस खेळून अर्धवट जोडलेली गाडी टाकून देत आणि ती तिथल्या एका भंगारवाल्याकडे जाई. सासऱ्यांनी त्या भंगारवाल्याच्या आईला कवळी बसवून दिली होती. त्यामुळे असली खोकी आधी दिंडोशीला पोचत, मग उरलं तर भंगारात जात. त्यातून हे गृहस्थ एक 'स्ट्रीट रॉड' बनवत होते. ही भानगड त्यांना रद्दीत सापडलेल्या एका इंग्रजी मासिकातून कळली होती. अमेरिकेत म्हणे लोक जुनीपुराणी मोटार घेतात, तिचं टप कापून बसकं करतात, बॉनेट आणि मडगार्डं काढून फेकून देतात, आत राक्षसासारखं इंजिन घालून ते उघडं ठेवतात आणि गावभर मिरवतात. आपल्यासारखाच विचार करणारा अख्खा देश जगाच्या पाठीवर आहे हे वाचून सासऱ्यांचे डोळे पाणावले होते, असं शुभा सांगते.

तर या रॉडची चौकट एका आगीच्या बंबाची होती, इंजिन ट्रकचं, मागची चाकं ट्रॅक्टरची आणि पुढची शर्यतीच्या गाडीची, त्यामुळे ती जागच्या जागी उभी असतानाही उतारावरून सुटल्यासारखी वाटे. दातांना बांधायच्या तारेचं धुराडं केलं होतं. सासूबाईंच्या ब्लाऊजची टिचबटणं पुढचे दिवे म्हणून लागली होती. सीटा हिरड्यांच्या रंगाच्या, कारण त्या कवळीच्याच मसाल्याच्या. आणि पुढची जाळी माप चुकलेल्या कवळ्यांमधल्या दातांची, त्यामुळे गाडी समोरून बघितली की आपल्याकडे बघून हसतेय असं वाटायचं. डाव्या बाजूने थोडं जास्त. लाल रंग शुभाच्या नेलपॉलिशचा होता. शुभाची नखं नेहमी कोरी असत, आणि माझी आई तेवढ्यावर खूश होती की मुलगी कशी साधी आहे.

चैत्रात माझे आईवडील रीतसर मागणी घालायला दिंडोशीला गेले. शुभाचे काका आले होते, शेजारच्या वहिनी पोहे घेऊन आल्या होत्या. सासऱ्यांनी सगळ्यांना बुटक्या खुर्च्यांवर बसवलं आणि मग म्हणाले की मुलगा त्यांना पसंत आहे, पण हातातलं एक काम पुरं केल्याशिवाय ते दुसरं घेत नाहीत. त्यांनी गॅलरीकडे बोट दाखवलं. ही गाडी पुरी झाली की दुसऱ्या दिवशी लग्नाची तारीख काढू, हा माझा शब्द. माझे वडील सज्जन माणूस. ते म्हणाले, होऊ दे की, असं कितीसं राहिलंय? "थोडंच," सासरे म्हणाले.

ते थोडं काही संपेना. मी दर रविवारी, चेहऱ्यावर उजव्या बाजूचं हसू घेऊन, घाटकोपरहून दिंडोशीला जायचो. दर रविवारी गाडीचं काहीतरी निघालेलं असायचं. कधी चाक, कधी स्टिअरिंग, कधी अख्खं दार. सासरे ते भाग वाटीत घेऊन बसलेले असत आणि मला समोर बसवून रॉडचं तत्त्वज्ञान सांगत. हिला बॉनेट का नसतं, मडगार्डं असली तर ती कशी भाजीच्या टेम्पोसारखी दिसेल, टप नेमकं कुठे कापायचं, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की शेजारच्या वहिनींचंही पाठ झालं होतं. मी मान डोलवत होतो. पण कान आतल्या खोलीतल्या बांगड्यांकडे असल्यामुळे त्यातलं एक अक्षरही माझ्यात उतरलं नाही. त्यांना ते माहीत असावं. ते मला 'ग्रॅज्युएट' म्हणायचे, आणि ज्या आवाजात म्हणायचे त्यात पदवीचा मान काही नसे.

असे गणपती गेले, दसरा गेला. दिवाळीत आई म्हणाली की तुळशीचं लग्न लागायला आलं तरी तुझं काही लागत नाही, तेव्हा आता मी मालाडची मुलगी बघून ठेवली आहे. मी शुभाला सांगितलं. ती टाइपरायटरवरून नजर न काढता म्हणाली, "मग तूच काहीतरी कर ना. माझं बाबा ऐकत नाहीत." आता, मला काही कर असं सांगणं किती धोक्याचं आहे हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्या घरचा मिक्सर मी एकदा दुरुस्त केला होता, आणि चटणीचे ठिपके छतावर पुढच्या रंगकामापर्यंत होते.

तुळशीच्या लग्नाच्या आधीचा रविवार. मी दिंडोशीला पोचलो तर सासरे शुभाला घेऊन मासळीबाजारात गेलेले. सासूबाई आत कालवणासाठी खोबऱ्याचं वाटप वाटत होत्या. मी गॅलरीत गेलो. गाडी वर्तमानपत्रावर उभी होती आणि तिचं एक चाक बाजूला वाटीत पडलं होतं. मी तिच्याकडे एका लग्नाळू माणसाच्या नजरेने पाहिलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की अरे, ही पुरी कशी होणार? चाक नाही, मडगार्डं नाहीत, इंजिन उघडं पडलंय, बॉनेटचा पत्ता नाही. बिचाऱ्याला एकट्याला उरकत नसेल. टेबलाखालच्या खोक्यात शोधलं तर एका जीपचं बॉनेट मिळालं आणि बंबाची चार मडगार्डं. कवळीची पावडर आणि तिचं पाणी कालवलं की दगडासारखं घट्ट बसतं, एवढं एक ज्ञान मात्र इतक्या रविवारांत माझ्या कानावरून आत गेलं होतं. मी चांगली वाटीभर गुलाबी लापशी कालवली आणि कामाला लागलो. आधी चाक बसवलं. ते पुन्हा निघू नये म्हणून आतून-बाहेरून लापशी थापली, आणि उरलेली तीन चाकंही त्याच भक्तिभावाने पक्की केली. मग मडगार्डं. मग इंजिनावर बॉनेट दाबून धरलं. एवढ्यात सासूबाई हात पुसत दारात आल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला, आणि चहा ठेवू का, एवढंच विचारून आत गेल्या. मला वाटलं, त्या गहिवरल्या.

सासरे आले तेव्हा माझ्या शर्टाची डावी बाही मडगार्डाला चिकटलेली होती, त्यामुळे मला गाडीसकट उठून उभं राहावं लागलं. मी अभिमानाने म्हणालो, "काका, झाली पुरी."

त्यांच्या हातातली मासळीची पिशवी तशीच राहिली. रागावले की ते मालवणीत जात. "मेल्या," ते अगदी हळू म्हणाले, "ह्यां काय करून ठेवलंस? तुका कोणी सांगितल्यान?" मग त्यांनी पिशवी शुभाकडे दिली, माझी बाही ब्लेडने कापून मला मोकळं केलं आणि गाडी हातात घेऊन चाक ओढलं. मडगार्डाला हात लावला नाही, बॉनेटकडे बघितलं नाही. चाकच ओढत राहिले. पकडीने ओढलं, स्टोव्हची पिन घालून उचकटलं. चाक हललं नाही. मला काही कळेना, की एवढी सगळी वाट लागलेली असताना या माणसाला त्या चाकाचंच काय पडलंय.

"आता नाय येवचा ता," सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी शांतपणे सांगून टाकलं की गाडी गणपतीतच पुरी झाली होती. दर रविवारी मी यायच्या आधी सासरे काहीतरी काढून वाटीत ठेवायचे, आणि मी गेलो की परत लावायचे.

खालून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता. सासरे बुटक्या खुर्चीवर बसले, गाडी मांडीवर घेतली आणि तिच्या टपावरून अंगठा फिरवत राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की या घरात शुभाशिवाय दुसरं मूल नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तशा बऱ्याच गोष्टी मला माहीत असतात.

"तुला घाई आहे काय गो?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

शुभाने पिशवी खाली ठेवली आणि ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. "नाही बाबा," ती म्हणाली. "पण ह्याच्या आईने मालाडची मुलगी बघितलीय."

"मालाडची?" सासऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दात कसे आहेत तिचे?"

मी म्हणालो, मी पाहिली नाही. नशिबाने हे खरं होतं. मग उठून त्यांनी ती मोटार, जीपचं बॉनेट आणि बंबाच्या मडगार्डांसकट, माझ्या बाहीच्या तुकड्यासकट, बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये नेऊन ठेवली. "शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले. "पुरी झाली म्हणायची. जा, बापाशीला सांग, तारीख काढा." आणि सासूबाईंना म्हणाले की ग्रॅज्युएट जेवायला थांबतोय, त्याच्या तुकडीतले काटे काढून दे, नाहीतर तेही कशाला तरी चिकटवेल.

लग्नात त्यांनी माझ्या आईला तिच्या खालच्या दाढेबद्दल एक मोलाचा सल्ला दिला, तो ती अजून विसरलेली नाही. ती मोटार शोकेसमध्येच राहिली. कुणी पाहुणा आला आणि हे काय म्हणून विचारलं की सासरे म्हणत, "जावयाचं काम आहे," आणि पुढे एक शब्दही न बोलता पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघत बसत.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं दिंडोशीला गेलो, तेव्हा गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून तयार होतं. त्यावर नव्या खोक्यांतल्या भागांचा ढीग होता आणि बाजूला दोन पाट मांडलेले होते. सासऱ्यांनी माझ्या हातात पॉलिश पेपर दिला, एक टप दिलं आणि म्हणाले, "घास. पाणी लावून. या वेळी घाई करायची नाही." मी म्हणालो, "नाही बाबा." खरोखरच आम्ही केली नाही. ती दुसरी गाडी पुष्कळ वर्षं चालली. पुरी व्हायला आली की कधी त्यांना टपाची डावी बाजू किंचित उंच वाटे, कधी मला उजवी. ज्याला पहिल्यांदा खोट सापडे त्याच्याकडे दुसरा मोठ्या आदराने पाही, आणि पुढचे काही रविवार सुखात जात. आत मायलेकींच्या गप्पा चालू असत. बाहेर सासरे मधूनमधून रॉडचं तत्त्वज्ञान सांगत. मला तेव्हाही त्यातलं काही समजत नव्हतं, पण आता मी ऐकत होतो.

ते गेल्यावरही आम्ही रविवारी दिंडोशीला जातोच. सासूबाईंना आता कमी दिसतं, पण चहाचा कप घेऊन त्या गॅलरीत येतात आणि माझ्या समोरच्या रिकाम्या पाटावर बसतात. माझ्या हातातल्या गाडीकडे थोडा वेळ निरखून बघतात. मग विचारतात, "अजून थोडं राहिलंय ना?"

मी म्हणतो, "थोडं कुठलं आई, बरंच राहिलंय."