चंदनाचा सर्व्हर आणि पंगतीतले मामा

सदलग्याच्या चंदनाला एका जागी अडायची सवयच नाही. नळावर एकीला सासूची खबर विचारील, तिनं उत्तर जुळवेपर्यंत दुसरीच्या लेकीचं स्थळ काढील, आणि पहिलीनं तोंड उघडलं की कान पुन्हा तिच्याकडं. नवरा पार्श्वनाथ अगदी उलटा. रस्त्यात कुणी गाठलं, की हातातलं दूध नासलं तरी गोष्ट संपेस्तोवर हलायचा नाही.

अशा बाईला मच्छे गावच्या कारखान्यानं सी भाषेत सर्व्हर लिहायला दिला. यंत्रं आपापले निरोप पाठवणार. सर्व्हरनं एकासाठी अडून न बसता जो बोलेल त्याचं ऐकायचं. जमलं तर घरून काम, नाहीतर रोज मच्छेपर्यंत बसचे धक्के. उद्या चाचणी, आणि एक यंत्र आत येऊन गप्प बसलं की सर्व्हर त्याच्याचपुढं ठप्प!

"दारावरच्या सॉकेटला 'थांबू नको' म्हणून सांगितलंय की रं!" ती संगणकावरच खेकसली. सॉकेट म्हणजे जोडणीचं टोक; दारावरचं नव्या यंत्राला आत घेतं आणि त्याला त्याचं वेगळं सॉकेट देतं.

त्यात घरी पाहुणे. जैनांचं घर, दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची, म्हणून तिनं दारातच सगळ्यांना बजावलं होतं, "आदी जेवण, मागनं गप्पा." तरी पंगतीत नेमाण्णा मामा वाटीवर हात धरून भाच्याला कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाची कथा सांगत बसले. आमटी हवी म्हणेनात, नको म्हणेनात. पार्श्वनाथ बादली घेऊन तिथंच उभा. पुढचे कोरडा भात चिवडतायत, ऊन भिंतीवर चढलंय.

"अहो, फुडं सरका की! मामा लागलं तर हाक मारतील."

"पाहुण्याला सोडून कसं जाऊ गं?"

"आणि मामा, दारात काय सांगितलं हुतं?"

"ते दारात," मामा मिश्कील हसले. "आत घेतल्यावर कोण सांगितलंय मला?"

चंदनाची पळी हवेतच राहिली. दारावरच्या सॉकेटला सांगितलं खरं, पण आत घेतलेल्यांना? त्यांना ते आपोआप कळत नाही. प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं!

"व्हय की ओ मामा!" म्हणत तिनं त्यांच्या ताटात दोन पोळ्या टाकल्या आणि संगणकाकडं धावली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात चाचणीला तिथल्या नागेंद्र साहेबांनी मुद्दाम एक यंत्र जोडून गप्प ठेवलं. बाकीच्यांचे निरोप भराभर येत राहिले.

"करा घरून काम," साहेब म्हणाले. "महिन्यातून एकदा या म्हणजे झालं."

"एकदाच?" चंदनाचा चेहरा उतरला. "मग इथल्या बातम्या कोण सांगणार मला? आठवड्याला येते की, साहेब!"