'फोर्स'चं कूळ

शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. शाळा नववीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. पण माझी फजिती सांगायला तेवढे पुरतील.

मी नवीन पनवेलला प्लंबिंगची कामं करतो. मामांनी विचुंब्याचं स्थळ आणलं. मुलगी, सायली, शाळेत इंग्रजी शिकवते. आता तुम्हीच सांगा, मी तिच्याशी काय बोलणार? मामा म्हणाले, "दोन शब्द तरी नीट बोल. मुका समजतील तुला."

माझ्या कानावर रोज पडणारा इंग्रजी शब्द एकच, 'फोर्स'. ज्या घरी जावं तिथे हीच तक्रार, पाण्याला फोर्स नाही. म्हणून मोबाइलवर त्याचं अख्खं कूळ शोधलं आणि पाठ केलं.

तिच्या घरी गेलो. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजला, पण तोंड काही उघडेना. शेवटी तिचे वडीलच म्हणाले, "तुमी नळाचं काम करता ना? आमच्या किचनच्या बेसिनला फोर्स नाय. जरा बगता काय?"

धार ऐकूनच मला कळलं होतं, नळाच्या तोंडच्या जाळीत कचरा अडकलाय. पाच मिनिटांचं काम. पण सायलीसमोर नळाला हात लावायची लाज वाटली. म्हणून तोंड उघडलं.

"फोर्स हा शब्द मूळचा लॅटिन. फोर्टिस म्हणजे बळकट. तिथून तो फ्रेंचांकडे गेला, मग इंग्रजांकडे. फोर्ट म्हणजे किल्ला, तोही त्यातलाच. कम्फर्टसुद्धा."

वडिलांनी मामांकडे पाहिलं. मामांनी पंख्याकडे.

इथे तरी थांबावं ना माणसाने? मी पोलीस फोर्सवर गेलो. तिथून लोकांना फोर्स करण्यावर, म्हणजे जबरदस्तीवर.

"बरं," वडील म्हणाले, "पन पानी?"

"त्याकडेच येतोय."

आतून सायलीचा आवाज आला, "बाबा, पाहुण्यांना पाणी आणतेच. पेला अर्धा भरलाय."

परतताना रिक्षात मामा एवढंच म्हणाले, "मुका बरा होतास."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाना आणि पक्कड पिशवीत टाकून एकटाच विचुंब्याला गेलो. नळ दुरुस्त करायचा, माफी मागायची, जमलंच तर लग्नाचं विचारायचं. दारात चपला काढल्या आणि पाहतो तर आत दुसराच प्लंबर जाळी काढत उभा.

वडील त्याला बॅटरी दाखवत होते. मला पाहिलं आणि ती माझ्या हातात दिली.

"धर जरा. आन बोलू नको."

मी धरली. बोललो नाही. सायली चहा घेऊन आली. पहिला कप तिने त्या प्लंबरला दिला.