किल्लीवाल्याचे चोवीस शब्द

किल्लीवाल्याशी आपली ओळख किती वरवरची होती, हे चष्मेवाल्याला कळलं ते तो गेल्यावर. इतकी वर्षं दोघांच्या दुकानांमध्ये एकच भिंत. पण त्याला काय आवडायचं, कशाची धास्ती वाटायची, हे कुणी विचारलं तर चष्मेवाल्याला सांगता येणार नाही. त्याच्या डोळ्यांचा नंबर मात्र झोपेतही सांगेल. सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर त्याला असेच पाठ, आणि त्याचा भारी तोरा.

किल्लीवाला कुणालाही किल्ली करून द्यायचा, कुठल्या दाराची ते कधी विचारायचा नाही. स्वतःच्या दुकानाची दुसरी किल्ली तेवढी त्याने चष्मेवाल्याच्या आरशामागे खिळ्याला टांगून ठेवली होती.

परगावी राहणाऱ्या त्याच्या मुलाने बापाची थोडी शिल्लक क्रिप्टोत गुंतवली होती. ती मोबाइलवरच्या कुठल्याशा कंपनीकडे पडून असायची. तशीच एक कंपनी बुडाल्याचं कानावर आलं, आणि किल्लीवाल्याला चैन पडेना. जन्मभर कुलपं विकली आणि आपलाच माल दुसऱ्याच्या तिजोरीत, असं पुटपुटत त्याने हार्डवेअर वॉलेट मागवलं. क्रिप्टोचा ताबा आपल्याच हाती ठेवणारं पेनड्राइव्हएवढं यंत्र. सुरू करताना ते चिमुकल्या पडद्यावर चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं. ते उतरवून ठेवायचे आणि कुणाला कळू द्यायचे नाहीत, कारण शब्द ज्याच्या हाती, पैसे त्याचे. पण किल्लीवाल्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. वाचून दाखवायला भरवशाचं माणूस हवं होतं.

आपल्याशिवाय आहेच कोण, म्हणून चष्मेवाला सकाळपासून मोठं भिंग पुसून बसला. दुपारी किल्लीवाला बाहेर पडला, त्याच्या दारावरून सरळ पुढे गेला आणि येताना शिंप्याला घेऊन आला. एकाची पँट दुसऱ्याला देऊन वर दोघांशी भांडणारा शिंपी.

शटर अर्धं खाली आलं. भिंतीपलीकडे शिंपी हलक्या आवाजात एकेक अक्षर लावून वाचत होता आणि किल्लीवाला ते पितळी पट्टीवर ठोकत होता. ठक, ठक. मध्येच दोघं हसले. चष्मेवाल्याचा जळफळाट झाला, आणि हातातल्या काचेचा टवका उडाला.

पुढे बरेच दिवस त्याने अबोला धरला. शेवटी किल्लीवालाच चष्म्याची सैल झालेली काडी घेऊन आला.

"शिंप्याकडून टाका घालून घे," चष्मेवाला म्हणाला.

किल्लीवाला स्टुलावर बसला. "तुला बोलावलं असतं, तर ते शब्द तू विसरला असतास?"

"मी कशाला विसरेन?"

"म्हणूनच. शिंपी दुसऱ्या दिवशी मलाच विचारत होता, काल आपण काय ठोकत होतो म्हणून."

चष्मेवाल्याला हसू येत होतं, पण त्याने ते गिळलं. काडी घट्ट केली, पैसे घेतले नाहीत, आणि चहाही विचारला नाही. जाता जाता किल्लीवाल्याने आरशामागच्या किल्लीला आणखी एक बारीक किल्ली अडकवली. चष्मेवाल्याने मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

मग किल्लीवाला ऑपरेशनसाठी मुलाकडे गेला. डोळा चांगला झाला, पण काही दिवसांनी तो तिथेच झोपेत गेला. मुलगा आला तो थेट चष्मेवाल्याकडे. दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे असल्याचं बाबांनी सांगितलंय, म्हणाला. मोठीने दुकान उघडलं, बारकीने गल्ल्याखालचा खण. यंत्राखाली पट्टी तशीच होती. चष्मेवाल्याने तोंड फिरवलं. एकदा नजर पडली असती तर पाठच झालं असतं. तरी मनात आलंच, की शिंप्याने ती पाहिली आहे.

ऑपरेशनला निघायच्या दिवशी किल्लीवाला पिशवी घेऊन चष्मेवाल्याच्या दारात उभा राहिला होता.

"महिनाभर दुकान बंद राहील. कुलपात तेवढं तेल सोडत जा."

"शिंप्याला सांग की."

"त्याला नको. तो विसरेल."