कोतवालाच्या वहीतली मुलगी

मॅट्रिक झाल्यावर अमरावतीच्या कॉलेजात जायचे, तर वसतिगृहात जागा मिळणे भाग होते. तिकडे आमचे ओळखीचे कोणी नव्हते. अर्जासोबत जन्माचा दाखला हवा होता आणि मुदतीला आठ दिवस उरले होते. वाशीमच्या तहसिलीत कारकुनाने आमच्या गावच्या कोतवालाची जुनी जन्मनोंद काढली, वाचली आणि माझ्याकडे निरखून पाहिले.

“इथं मुलगी लिहिली आहे.”

घरी आलो तेव्हा बाबा वांग्यांना पाणी देत होते. त्यांना सगळे सांगितले. पाण्याची धार तशीच चालू ठेवून ते म्हणाले, “मीच लेहवलं होतं.”

माझ्याआधी दोन मुलगे तान्हेपणीच गेले होते. मलाही दृष्ट लागू नये म्हणून माझे नाक टोचले आणि पोरगी झाली असे साऱ्या गावाला सांगितले. बाबांनी कोतवालालाही तेच सांगितले. सरकारी वही वेगळी असते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

दुरुस्तीला पाटलाची आणि पटवाऱ्याची सही लागत होती. पाटील म्हणत, आधी पटवाऱ्याची आणा. पटवारी म्हणत, आधी पाटलाची. दोन्ही सह्या मिळेपर्यंत पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी कारकुनाने नवाच प्रश्न काढला.

“हा मुलगा, ठीक. मग ती मुलगी कुठं गेली? वारली असं लिहून द्या, म्हणजे काम लवकर होईल.”

बाबांनी हात जोडले. “तसं नोका लेहू साहेब. मरण नोका लेहू.”

“मग तहसीलदारांपुढं शपथेवर सांगा.”

मला वाटले, बाबा परत फिरतील. ते आत गेले. “पोट्टी झालीच नाही, साहेब. पोट्टाच झाला होता. हा उभा हाये. मी भेलो होतो.”

“आता भीत नाही?” तहसीलदारांनी विचारले.

“भेतो ना. पण त्याले शिकाले जायाचं हाये.”

तहसीलदार किंचित हसले. शेरा लिहून दाखला त्याच दिवशी द्यायला सांगितले.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, “तुह्या मायले आत्ताच नोको सांगू. ते घाबरते. पयले जागा भेटू दे.”

जागा मिळाली. त्याच खोलीत बसून हे लिहितो आहे. मायला त्यांनी सांगितले की नाही, हे विचारायचे मला अजून धैर्य होत नाही. पण परवा बाबांचे पत्र आले. कोणाकडून तरी लिहवून घेतलेले. वर ठळक अक्षरांत होते, ‘माझ्या मुलास आशीर्वाद.’