सात ताटं

कादंबरीकाकूंना लोक हमखास एकच प्रश्न विचारत. वाचनालयातला सत्कार असो नाहीतर दवाखान्यातली रांग, कुणीतरी बाई हात धरून विचारायचीच, "काकू, तुम्हाला हे सगळं सुचतं तरी कुठून हो?" काकू मान जराशी वाकडी करून हसत आणि म्हणत, "कुठून काय, आपोआप येतं." खोटं! साफ खोटं. आपोआप नळाला पाणीसुद्धा येत नाही, तिथे प्रेमकथा कुठून येणार? गेली चार वर्षं त्या येत होत्या प्लायवुडच्या एका पार्टिशनमधून.

मुलाचं लग्न ठरलं तेव्हा घरातल्या मोठ्या खोलीचे दोन तुकडे करून घेतले होते. सुतार भला माणूस. तो म्हणाला, "काकू, मधे थर्माकोल भरतो, म्हणजे इकडचा आवाज तिकडे जाणार नाही." काकू म्हणाल्या, "राहू दे हो, कशाला उगाच." सुतार गेला आणि काकूंनी आपलं लिहायचं टेबल ओढत नेऊन त्याच पार्टिशनला चिकटवलं. आता हे उगाच होतं का, ते तुम्हीच ठरवा.

लिहायची वेळ दुपारी दोन ते चार. मुलगा बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, पहिल्या पाळीला. सकाळी अंधारात जायचा, दीडला परत यायचा, जेवून पलीकडच्या खोलीत आडवा व्हायचा. सून भांडी आवरून दोनला आत जायची. ती आत गेली की काकू अलीकडे कागद पुढे ओढत. आधी उजव्या कोपऱ्यात तारीख, मग मजकूर. ही खोड जुनी. लेखिका होण्याआधी त्या वीस वर्षं दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसल्या होत्या, आणि तिथली मोठी बाई रोज बजावायची, "ज्या कागदावर तारीख नाही, तो कागदच नाही." काकूंनी प्रेमपत्रावरही तारीख घातली असती, पण तशी वेळ कधी आली नाही.

नवरा होता. पण तो पत्रं लिहिणाऱ्यातला नव्हता, हात उगारणाऱ्यातला होता. घरात आवाज झाला की शेजारीण दाराशी यायची आणि काकू आतूनच म्हणायच्या, "काही नाही हो, भांडं पडलं." पुढेपुढे तर पाच वर्षांचा मुलगाच दारात जाऊन सांगून यायचा, "आई म्हणते भांडं पडलं." किती शहाणं पोर म्हणून शेजारणी त्याचा गालगुच्चा घ्यायच्या. काकू माहेरी रडल्या तर त्यांची आई समजूत घालायची, "संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच गं." नवरा वारला आणि त्याच वर्षी काकूंनी पहिली कादंबरी लिहिली. त्यातल्या नायकाचे हात फार सुंदर होते. पुढे एकेचाळीस नायक झाले, पण एकानेही कधी हात उगारला नाही.

सून आली ती अक्षर घेऊनच. लग्नाआधी ती कुरिअरच्या ऑफिसात पाकिटांवर पत्ते लिहायची, अक्षर अगदी मोत्याच्या दाण्यासारखं. काकूंचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यात मोतीबिंदू. प्रकाशकाने तर हात जोडले होते, "बाई, नायिका रुसली की रुजली, तेवढं तरी वाचता येऊ द्या!" सून आली आणि वाटणी ठरली. दुपारचं कच्चं लिखाण काकूंचं, दुसऱ्या दिवशी सकाळची पक्की प्रत सुनेची.

पहिल्याच वर्षी एका दुपारी पलीकडून मुलाचा आवाज आला, "केस वाळेपर्यंत बस तू. चहा मी टाकतो." काकूंचं पेन थांबलं. हे आपल्या पोटचं पोर बोलतंय? बापाचा एक गुण घेतला नाही गं बाई! त्यांना भरून आलं. डोळे पुसून त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं नायकाच्या तोंडी घातलं. दुसऱ्या दिवशी प्रत करताना सून त्या ओळीशी अडली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आई, हे वाक्य..."

"सुचलं गं."

सून गालातल्या गालात हसली. तिला कळायचं ते कळलं होतं आणि तिने राग मानला नव्हता. उलट त्यानंतर ती पलीकडे जरा स्पष्ट बोलते, असं काकूंना वाटायला लागलं. कादंबरी खपली. एका नर्सने पत्र पाठवलं की चहाचं ते वाक्य तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. काकूंनी ते पत्र सुनेला वाचायला दिलं, दोघी पोट धरून हसल्या. सासूसुनेचं असं गूळपीठ बघून खालच्या मजल्यावरची शिवणमावशी म्हणायची, "दृष्ट लागेल हो तुम्हाला!"

तीन वर्षं अशी गेली. मग डेपोत मुलाच्या हाताखाली शिकलेला माणूस फोरमन झाला आणि हा आहे तिथेच राहिला. हे मी कारण म्हणून सांगत नाही. फोरमनची जागा हुकलेले डेपोत आणखी चौघे होते, आणि ते घरी जाऊन गुमान जेवत होते.

त्या दुपारी काकूंचं दुसरं प्रकरण रंगात आलं होतं. नायिका स्वयंपाकघरात, नायक बाहेर, आणि त्याला आत आणायचं कसं ते काही केल्या जमेना. पलीकडे मुलाचा आवाज चढला. मग सुनेचा आला, "हळू बोल ना. आई ऐकतायत."

मुलगा म्हणाला, "आई ऐकत नसते. आई लिहीत असते."

आणि मग तो आवाज झाला. तो ओळखायला काकूंना कुणाची शिकवणी लागणार नव्हती. बसल्या जागी त्यांचा स्वतःचा गाल गरम झाला. उठावं, पार्टिशनवर मूठ आपटावी, त्याचं नाव घेऊन ओरडावं, एवढंच करायचं होतं. पण पेन हातात होतं आणि ते चाललं. "तेवढ्यात तिच्या हातून ताट निसटलं. खणकन आवाज झाला. तो धावत आत आला आणि तिचे थरथरते हात त्याने आपल्या हातात घेतले." नायक आत आला होता. वाक्य झकास उतरलं होतं. हेच तर वाईट!

दुसऱ्या दिवशी सून प्रत करायला बसली तेव्हा तिच्या गालावर पदर होता. त्या ओळीशी ती बराच वेळ थांबली.

"आई, हे ताट कशाला पडलं?"

"अगं, काहीतरी पडायला नको का? त्याशिवाय तो आत येणार कसा?"

"हो," सून म्हणाली, "तेही खरंच." आणि तिने मोत्यासारख्या अक्षरात ताट पाडलं.

त्यानंतर ताटं पडतच गेली. पाचव्या प्रकरणात पडलं, सहाव्यात दोनदा, सातव्यात आणि आठव्यात एकेकदा. एकदा शिवणमावशी जिन्यात भेटली आणि सुनेकडे बघत विचारू लागली, "काल दुपारी कसला गं आवाज?" सुनेने तोंड उघडायच्या आत काकू बोलून गेल्या, "काही नाही हो, भांडं पडलं." तीस वर्षांनीसुद्धा शब्द कसे तोंडावरच होते! मावशीने सुईत दोरा ओवताना बघतात तसं काकूंकडे डोळे बारीक करून बघितलं आणि ती खाली गेली. सून जिन्याची पायरी मोजल्यासारखी खाली बघत वर चढली.

प्रकाशक पहिली आठ प्रकरणं वाचून फोनवर हसला, "बाई, नायिकेच्या हाताला तूप लागलंय का हो? जेव्हा बघावं तेव्हा ताट पाडतेय! पण नायक काय धावतो, वा! शेवटचं प्रकरण शुक्रवारी द्या म्हणजे द्या."

त्या सोमवारी सून प्रत करता करता मधेच पेन मिटून बसली. म्हणाली, "आई, तुम्ही त्याच्याशी एकदा बोला. माझं ऐकायचं त्याने सोडलंय. तुमचं ऐकेल."

कळत नव्हतं असं म्हणायची सोयच राहिली नव्हती. "बोलते," त्या म्हणाल्या. "नक्की बोलते गं. एवढं शेवटचं प्रकरण हातावेगळं होऊ दे. आत्ता घरात तमाशा झाला तर माझी लय तुटेल. शुक्रवारी कागद गेले की त्याच दिवशी बसवते त्याला समोर."

"शुक्रवारी," सून म्हणाली. तिने पेन पुन्हा उघडलं.

बुधवारी दुपारी शेवटचं मिलन लिहून होत होतं. पलीकडे दार आपटलं आणि पाठोपाठ जो आवाज आला तो सुनेच्या गळ्यातून येईल असं काकूंना वाटलंही नसतं. दार पुन्हा आपटलं. काकूंनी पेन खाली ठेवलं. अर्ध्या उठल्या. मग पलीकडे सगळं चिडीचूप झालं, मुलगा चपला घालून बाहेर गेल्याचं कळलं, आणि काकू परत बसल्या. सातवं ताट पडलं.

संध्याकाळी सुनेच्या उजव्या हाताला ओढणी गुंडाळलेली होती. मुलगा म्हणाला, "मुरगळलाय जरा." काकूंनी ती ओढणी बघितली, बोटांची फुगलेली टोकं बघितली, आणि गुरुवारी सकाळी कच्ची पानं नेहमीसारखी तिच्यासमोर ठेवली. वर म्हणाल्या, "घाई नाही गं, जमेल तशी कर. फक्त उद्या द्यायचंय." म्हणजे बघा! एवढं बोलून त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघून गेल्या.

दुपारी परत आल्या तेव्हा घरात कुणी नव्हतं. टेबलावर पक्की प्रत तयार होती. पहिल्यांदा त्यांना वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचं. वाकडी, मोठाली, पहिलीतल्या मुलाने पाटीवर काढावीत तशी अक्षरं. मग लक्षात आलं, डाव्या हाताची आहेत. एवढाली अकरा पानं पोरीने डाव्या हाताने उतरवली होती, स्वल्पविरामसुद्धा गाळला नव्हता. काकू ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या. शेवटच्या पानावर जिथे ताट पडायचं तिथे ताट नव्हतं. तिथे लिहिलं होतं, "तिचा हात दाराच्या फटीत होता आणि त्याने दार लावलं. दोनदा. पलीकडे त्याची आई लिहीत होती." त्यापुढे काकूंचंच वाक्य होतं, तो धावत आला आणि तिचे थरथरते हात त्याने आपल्या हातात घेतले.

त्या तशाच बसून राहिल्या. दीड वाजला, मुलगा आला. "ती कुठंय?" त्याने विचारलं. तेवढ्यात दार वाजलं. शिवणमावशी होती. मुलगाच पुढे झाला, आणि मावशी काही विचारायच्या आतच म्हणाला, "काही नाही मावशी, काल भांडं पडलं."

तीच चाल, तोच आवाज. तोंड फक्त दाढीचं झालं होतं. हे पोर आपणच दारात उभं केलं होतं.

"मी तुला काही विचारलंच नाही," मावशी म्हणाली. "मी तिचे कपडे न्यायला आलेय. तीन बोटं मोडलीत. प्लास्टर घालून आता चौकीत बसलीये. ते विचारतायत, हे ऐकणारं कुणी होतं का?" मग ती काकूंकडे वळली. "मी म्हटलं, काकूंना बोलावून आणू का गं? तर म्हणाली, नको, त्यांचं प्रकरण राहिलं असेल."

काकू उठल्या. कपाटातून कच्च्या पानांचा गठ्ठा काढला, टेबलावरची पानं त्यावर ठेवली, सगळं पिशवीत भरलं. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, कुठे चाललीस? आई, माझी नोकरी जाईल. मला आत टाकतील. मी तुझा मुलगा आहे ना गं?"

"आहेस ना," काकू म्हणाल्या. त्यांना रडू फुटलं. "म्हणूनच तर इतके दिवस बसून होते." आणि रडत रडतच त्या मावशीमागून जिना उतरल्या.

चौकीत पंखा घरघरत होता. सून बाकावर बसली होती, मांडीवर प्लास्टरचा हात, नजर समोरच्या भिंतीवर. काकू आल्या तरी तिने बघितलं नाही. हवालदारबाईने कागद ओढला. नाव लिहिलं, वय लिहिलं.

"ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याशी नातं?"

"आई."

हवालदारबाईने एकदा वर बघितलं. काकूंनी पिशवीतली पानं टेबलावर मांडली, कोपरे एकावर एक नीट जुळवून, केसपेपर लावायच्या तशी. "ह्यात सात ठिकाणी ताट पडलंय," त्या म्हणाल्या. "खरं ताट एकदाही पडलेलं नाही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख आहे." मग एकेक पान उचलून त्या सांगत गेल्या. ही अकरा तारीख, गालावर. ही एकोणीस, पाठीत, दोनदा. ही सव्वीस, आधी तो काय बोलला, मग ती काय म्हणाली. शब्दन् शब्द त्यांना पाठ होता. हवालदारबाई लिहून घेत होती आणि मधूनमधून "जरा हळू" म्हणत होती.

"हे सगळं तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"हो."

"सातही वेळा?"

"सातही वेळा."

"मग तुम्ही काय केलंत?"

सुनेने पहिल्यांदाच मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"लिहिलं," काकू म्हणाल्या.