विमलताईंचा राहिलेला उखाणा

विमलताई गेल्याचा फोन त्यांच्या मुलाचा आला, तेव्हा मी इथे सिंगापूरला, टॅम्पिनीसच्या बाजारात भाजी घेत होते. पुण्याला गेल्या होत्या, तिथेच झोपेत गेल्या. त्रास झाला नाही म्हणाला. मी बरं बरं म्हणत घरी आले... आणि दिवसभर तो एकच रविवार डोक्यातून जाईना.

ताई निवृत्त शिक्षिका. मुलाकडे सिंगापूरला आल्या आणि घरात बसून कंटाळल्या. आमच्या ब्लॉकखालच्या हॉलमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायकांचा रविवारी इंग्रजीचा वर्ग भरायचा, तिथे त्या शिकवू लागल्या, मी मदतीला. वर्गात तागालोग, म्हणजे त्यांची भाषा, बोलायची नाही, हा नियम. पण आठवडाभर दुसऱ्यांच्या घरात तोलूनमापून बोललेल्या त्या बायका, सुट्टीच्या दिवशी गप्प बसतात होय? मग ताईंनी दंड काढला तो उखाण्याचा. जिच्या तोंडून तागालोग निघेल तिनं उभं राहून, इंग्रजीत दोन ओळी जुळवून नवऱ्याचं नाव घ्यायचं. झालं! नाव घ्यायला मिळावं म्हणून बायका मुद्दाम तागालोग बोलायला लागल्या. कुणी नवऱ्याला माशाच्या कालवणात घालायची, कुणी विमानात बसवायची. एकीनं दोन नावं घेतली तेव्हा ताई हसून हसून खुर्चीत कोसळल्या. सगळ्यांत पुढे रोझा. तिनंच ठरवलं, मॅम मराठी बोलल्या तर त्यांनाही हाच दंड.

त्या रविवारी ताई फळा पुसताना माझ्याकडे वळल्या आणि सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आज फार उकडतंय, नाही?" टाळ्या पडल्या. ताईंनी खडू ठेवला, पदर सारखा केला, घसा खाकरला. घरून जुळवून आल्या होत्या, हे मला आता कळतं. तेव्हा मी दीडशहाणी मध्ये पडले. त्यांचे यजमान नाहीत, आमच्यात अशा बाईला नाव घ्यायला लावत नाहीत, असं वर्गाला इंग्रजीत सांगून मोकळी झाले. वर वाटलं, वाचवलं मी त्यांना!

रोझा हळू आवाजात म्हणाली, "माझाही नवरा नाही. बोटीवर गेला तो आलाच नाही. मी तर दर रविवारी त्याचं नाव घेते."

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तकं उघडायला सांगितली. बरोबर कुणाचं, ते काही बोलल्या नाहीत.

लिफ्टपाशी मी पुटपुटले, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले हो. ताई म्हणाल्या, "अगं, घरात त्यांचा फोटो आहे, हार आहे. सगळे 'बाबा' म्हणतात. नाव कुणीच काढत नाही. वाटलं, इथे कोण ओळखतंय..." तेव्हा तरी विचारावं ना! मी लिफ्टचं बटण दाबलं. त्यानंतर ताई वर्गात कधी मराठी बोलल्या नाहीत. मला त्याची लाज वाटते, अजून वाटते.

गेल्या रविवारी वर्गात ताईंना श्रद्धांजली होती. फळ्याजवळ त्यांची खुर्ची तशीच ठेवली होती. बायकांनी ताईंच्या वतीनं उखाणा रचला होता, इंग्रजीत, दोन ओळींचा. नावापुरती जागा तेवढी मोकळी. रोझा खडू घेऊन माझ्याकडे वळली. "मॅमच्या नवऱ्याचं नाव काय?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्यात ताईंची भाषा बोलणारी मी एकटी... आणि मला ते नाव माहीत नव्हतं.