पुसलेली काच

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी खूप रडले. पण आठवड्याने कॉलेजात झालेल्या शोकसभेत मला रडू आलं नाही, शिसारी आली. आमचे विभागप्रमुख सर माईकसमोर डोळे टिपत होते. "तिच्या संशोधनाला या विभागानं घर दिलं," म्हणाले. अंगावर पाल पडल्यासारखं झालं...

नव्वदच्या दशकात आम्ही दोघी तिथे पदार्थविज्ञान शिकवायचो. शैला भट्टीत मॉलिब्डेनम सेलेनाइडचे काळे चकचकीत स्फटिक वाढवायची. अभ्रकासारखे त्यांचे पदर सुटतात. चिकटपट्टी लावून ती पदरामागून पदर सोलत राही, अगदी दिसेनासा होईपर्यंत. तो पापुद्रा काचेवर बसवून दोन बाजूंना तारा जोडल्या, की झाला तिचा प्रकाशशोधक. मग खिडकीला काळं कापड लावून ती कोपऱ्यात अगरबत्ती पेटवी. तेवढ्याशा निखाऱ्यानेही मीटरचा काटा हले. "अगं, दिसलं की त्याला!" ती ओरडायची.

पुढे तपासणी समिती यायची ठरली. सरांनी प्रयोगशाळा लख्ख करायचा हुकूम सोडला आणि स्वतः बाह्या सरसावून तिच्या कपाटातल्या काचा ओल्या फडक्याने पुसल्या. लोंबणाऱ्या तारा उपटून टाकल्या. "असल्या मळकट काचा समितीला दाखवायच्या की काय?" शैलाची कित्येक वर्षं त्या फडक्यात गेली. माफी सोडाच, साधं ओशाळणंही नाही. समितीने स्वच्छतेचं कौतुक केलं, तेव्हा सर हसले. शैलाने घरी नेलेली एकच काच वाचली. भट्टी तिने पुन्हा पेटवली नाही.

शोकसभा संपल्यावर सर तिच्या नवऱ्याला, महादेवरावांना म्हणाले, "ती उरलेली काच आम्हाला द्या. शोकेसमध्ये ठेवू, विभागाचं वैभव आहे ते." निर्लज्जपणालाही काही सीमा असते! महादेवराव मात्र शांतपणे म्हणाले, "देतो की."

मी तावातावाने कसबा बावड्याला त्यांच्या घरी गेले. "काच देताच कशी तुम्ही?" त्यांनी कपाटातून एक कोरी काच काढली, ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली आणि कागदात गुंडाळली.

"त्यास्नी असल्याच आवडत्यात, मॅडम."

आज ती कोरी काच शोकेसमध्ये आहे. खाली शैलाचं नाव, त्याहून मोठ्या अक्षरात सरांचं. पाहुणे येतात, माना डोलावतात, सर समजावून सांगतात. मला तिकडे बघवत नाही. खरी काच बावड्यात देवघराशेजारी आहे, शैलाच्या मीटरला जोडलेली. परवा गेले तेव्हा महादेवरावांनी खिडक्या लावून घेतल्या, दूर कोपऱ्यात अगरबत्ती पेटवली. काटा हलला.

"दिसलं की त्याला," ते म्हणाले.